चुकलेले उत्तर वाचता येणे : गणिताची शिकवणी नेमकी कशावर चालते

चौथीतल्या तीन मुलांना मी एकच वजाबाकी दिली होती : ५०३ वजा १७८. पहिल्या मुलाने उत्तर लिहिले ४७५, दुसरीने ४२५ आणि तिसऱ्याने ३३५. बरोबर उत्तर ३२५ आहे. म्हणजे तिघांच्याही वहीत फुली पडणार, आणि फुलीशेजारचा शेराही बहुधा ठरलेलाच असतो : ‘लक्ष देऊन सोडव.’ वास्तविक तिघांनीही लक्ष देऊनच सोडवले होते. तिघांनी तीन वेगवेगळे नियम अगदी काटेकोरपणे पाळले होते, आणि ते तिन्ही नियम चुकीचे होते.

पहिल्याने प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला. एककस्थानी ३ आणि ८ यांच्यातला फरक ५, दशकस्थानी ० आणि ७ यांच्यातला ७, शतकस्थानी ५ आणि १ यांच्यातला ४. वर कोणता अंक आहे आणि खाली कोणता, हे त्याने पाहिलेच नाही, कारण पहिली-दुसरीत ‘मोठ्यातून लहान वजा करायचे’ हे वाक्य त्याच्या कानांवर इतक्या वेळा पडले होते की ते संपूर्ण संख्यांविषयी आहे, सुट्या अंकांविषयी नाही, हे त्याला कोणी सांगितले असेल तरी ते त्या गर्दीत हरवून गेले. दुसऱ्या मुलीला हातचा ठाऊक होता. ३ चे १३ केले पाहिजेत आणि मध्ये शून्य असेल तर त्याचे ९ होतात, हे तिला पाठ होते. मात्र ते दशक मुळात शतकाकडून आलेले आहेत हे तिच्या लेखी नव्हते, त्यामुळे शतकस्थानचे ५ तसेच राहिले. तिसरा सर्वांत पुढे पोहोचला होता. त्याने शतक सुटे करून दहा दशक मिळवले, ५ चे ४ केले, त्यातला एक दशक एककांना दिला, परंतु दिल्यानंतर आपल्याकडे नऊच उरले हे लिहायचे तो विसरला आणि त्याने दहातूनच सात वजा केले.

याच गोष्टी नोटांच्या भाषेत सांगितल्या तर मुलांना चटकन कळतात. पाचशे तीन रुपये म्हणजे शंभराच्या पाच नोटा आणि एक रुपयाची तीन नाणी, आणि त्यांतून एकशे अठ्ठ्याहत्तर रुपये द्यायचे आहेत. दुसऱ्या मुलीने दुकानदाराला नोट न देताच मोड आणली होती. तिसऱ्या मुलाने दहाची एक नोट मोडून दहा नाणी घेतली, पण हिशेब करताना ती मोडलेली नोटही खिशात असल्याचे धरले. पहिल्याच्या बाबतीत मात्र नोटांची गोष्ट नंतर. त्याच्याशी आधी ५०३ मधला ५ म्हणजे किती, या प्रश्नापासून बोलणे भाग होते.

तीन चुका, तीन उपाय. फुली तेवढी सारखी.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकन संशोधकांनी १९७८ साली वजाबाकीतल्या अशा चुकांचे पद्धतशीर वर्णन प्रसिद्ध केले. त्यांनी एक संगणकीय खेळही तयार केला होता. त्यात संगणक ठरावीक प्रकारे चुकणाऱ्या मुलाचे सोंग घेई आणि भावी शिक्षकांनी त्याला निरनिराळी उदाहरणे घालून तो कोणत्या नियमाने चुकतो आहे हे ओळखायचे असे. ओळखल्याची खूण कोणती? तर पुढच्या उदाहरणात ते मूल कोणते चुकीचे उत्तर देईल हे आधीच सांगता येणे. वरच्या तीन मुलांना ६०४ वजा २३७ दिले तर पहिला ४३३ लिहील, दुसरी ४६७ आणि तिसरा ३७७. भाकीत खरे ठरले तर निदान पक्के. भाकीत चुकले, किंवा मुलाने या वेळी बरोबर ३६७ लिहिले, तर मागची चूक बहुधा खरोखरच घाईची होती आणि तिच्यामागे लागण्यात अर्थ नाही. निष्काळजीपणा आणि गैरसमज यांतला फरक ओळखण्याची मला माहीत असलेली ही सर्वांत स्वस्त कसोटी आहे.

गणिताची शिकवणी घेणाऱ्याकडे काय असावे लागते, असे पालक विचारतात तेव्हा त्यांच्या मनात साधारणपणे पदवी, अनुभवाची वर्षे आणि मागच्या वर्षीच्या मुलांचे गुण या तीन गोष्टी असतात. त्या निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या कौशल्यावर शिकवणी प्रत्यक्षात चालते ते, म्हणजे मुलाचे चुकलेले उत्तर वाचून त्यामागचा नियम शोधता येणे, या तिन्हींतून आपोआप येत नाही. शिवाय ते कौशल्य गणितात हुशार असण्यापेक्षा बरेच निराळे आहे.

पावणेदोनमध्ये अर्धे किती?

लिपिंग मा या संशोधिकेचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या संदर्भात फार बोलका आहे. तिने अमेरिकेतील २३ आणि चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षकांना प्रश्न विचारला : एक पूर्णांक तीन चतुर्थांश भागिले एक द्वितीयांश किती, आणि या भागाकाराला शोभेल अशी एखादी व्यवहारातली गोष्ट सांगा. अमेरिकन शिक्षकांपैकी नऊ जणांनाच पूर्ण आणि बरोबर उत्तर काढता आले. चिनी शिक्षकांपैकी सर्वांना आले. गोष्ट रचताना तर फरक आणखी वाढला. अनेक अमेरिकन शिक्षकांनी अर्ध्याने भागण्याऐवजी दोनने भागण्याची गोष्ट सांगितली. येथे लक्षात घेण्यासारखी बाब अशी की अमेरिकन शिक्षक पदवीधर होते, तर चिनी शिक्षकांपैकी बहुतेकांचे शालेय शिक्षण नववीपर्यंतचे आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांचा अध्यापक अभ्यासक्रम एवढेच होते. शिक्षणाची वर्षे जास्त असणाऱ्यांना प्राथमिक गणित जास्त खोलवर कळलेले असेल, ही समजूत त्या अभ्यासात टिकली नाही.

हाच प्रश्न मराठीत विचारला तर तो निम्मा सुटतो, याची मला दर वेळी गंमत वाटते. पावणेदोनमध्ये अर्धे किती? पावणेदोन लिटर दूध आहे आणि ते अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरायचे आहे, तर किती पिशव्या लागतील? सहावीतली मुले बोटांवर सांगतात : तीन पिशव्यांत दीड लिटर गेले, पाव लिटर उरले. आणि येथेच एक सुंदर चूक घडते. बरीच मुले उत्तर देतात, ‘तीन आणि पाव.’ उरलेले दूध पाव लिटर आहे हे खरे, पण प्रश्न लिटरचा नव्हता, पिशव्यांचा होता, आणि पाव लिटर म्हणजे अर्धी पिशवी. म्हणून उत्तर साडेतीन. ‘पाव कशाचा?’ हा एकच प्रश्न अशा वेळी विचारायचा असतो आणि मग गप्प बसायचे असते. अपूर्णांकांतल्या निम्म्या अडचणी हा ‘कशाचा’ हरवल्यामुळे येतात, असे माझे मत होत चालले आहे.

याउलट ‘पावणेदोन भाकरी दोघांत वाटल्या’ ही गोष्ट ऐकायला तशीच वाटते, पण तो दोनने भागाकार झाला आणि त्याचे उत्तर सात अष्टमांश, म्हणजे एका भाकरीपेक्षाही कमी. शिकवणाऱ्याला या दोन गोष्टींतला फरक उत्तर न काढता, नुसता प्रश्न ऐकून कळायला हवा. मराठीत ‘अर्ध्याने भागणे’ आणि ‘अर्धे करणे’ हे शब्द इतके जवळ बसतात की मूल एकातून दुसऱ्यात घसरले तर त्यात नवल नाही.

मग ‘भाजक उलटा करून गुणा’ ही रीत कोठून आली? एका लिटरमध्ये अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या भरतात, म्हणून पावणेदोन लिटरमध्ये पावणेदोनच्या दुप्पट भरतील. अर्ध्याने भागणे म्हणजे दोनने गुणणे ते असे. हे अर्ध्यापुरते सोपे आहे. खरी परीक्षा पाऊण लिटरच्या बाटलीशी होते. एका लिटरमध्ये पाऊण लिटरच्या किती बाटल्या? एक बाटली भरली, पाव लिटर उरले, आणि पाव हा पाऊणचा तिसरा हिस्सा. म्हणजे एक पूर्णांक एक तृतीयांश बाटली, म्हणजेच चार तृतीयांश. तीन चतुर्थांश उलटा केला की हेच मिळते. हे एकदा दुधात पाहिलेले मूल पुढे ‘कोणता उलटा करायचा, पहिला की दुसरा?’ असे विचारत नाही. रीत नुसती पाठ केलेले मूल मात्र दहावीपर्यंत विचारत राहते.

जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनाची औटकी असे पाढेच होते. ते पुन्हा सुरू करावेत असा माझा आग्रह नाही. त्या पाठांतरातून अपूर्णांक समजत होते की जिभेवर बसत होते, हा प्रश्न वेगळाच आहे. पण सव्वा, दीड, पाऊण, अडीच हे शब्द घराघरांत, वाण्याच्या दुकानात आणि पोह्यांच्या मापात अजून जिवंत आहेत आणि मुले ते ऐकत मोठी होतात. तरीही वहीतला एक पूर्णांक एक चतुर्थांश आणि आईने आणायला सांगितलेली सव्वा किलो साखर ही एकच संख्या आहे, हे सातवीतल्या मुलालाही कधी कधी नव्याने सांगावे लागते. सेमी-इंग्रजीतल्या मुलांच्या बाबतीत तर त्यात आणखी एक पदर येतो : शाळेत न्यूमरेटर, घरी अंश, दुकानात सव्वा. शिकवणाऱ्याला तिन्ही बोली याव्या लागतात, आणि मूल सध्या कोणत्या बोलीत विचार करत आहे हेही ओळखावे लागते.

शब्दांत लपलेल्या चुका

भाषेचा मुद्दा निघालाच आहे तर संख्यांच्या नावांकडे पाहू. ‘तेवीस’ लिही म्हटल्यावर दुसरीतले मूल ३२ लिहिते, तेव्हा ते मूल गोंधळलेले नसते. ते ऐकल्या क्रमाने लिहीत असते. तेवीसमध्ये ‘ते’ आधी ऐकू येतो आणि ‘वीस’ नंतर, पण लिहिताना २ आधी आणि ३ नंतर. इंग्रजीत एकवीसपासून पुढे आणि कन्नड-तेलुगूत दशक आधी उच्चारतात, त्यामुळे तेथे एवढी उलटापालट होत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनपद्धती आली, तेव्हा वाद विधिमंडळापर्यंत गेला. बालभारतीच्या गणित समितीचे अध्यक्षपद त्या वेळी गणितज्ञ मंगला नारळीकर यांच्याकडे होते. त्या बदलावर कोणी काहीही मत बाळगावे, पण ज्या अडचणीवर तो उपाय म्हणून आला होता ती अडचण खरी आहे, आणि चारचौघांतल्या थट्टेने ती नाहीशी होत नाही.

‘एकोण’ची मालिका तर त्याहून अवघड. एकोणसाठ ऐकले की मूल साठाकडे धावते आणि ६९ किंवा ६१ लिहिते. ‘एकोण’ म्हणजे एक ऊन, एकाने कमी; एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी. एवढे सांगितले की एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंतची सगळी मालिका एका झटक्यात उलगडते. (नव्याण्णव मात्र त्या ओळीत बसत नाही, आणि एखादे चौकस मूल ते विचारतेच.)

तिसरा शब्द ‘बरोबर’. आठ अधिक चार बरोबर बारा, असे आपण वाचतो. मुलाच्या मनात ‘बरोबर’ या चिन्हाचा अर्थ ‘आता उत्तर लिही’ असा बसतो. त्यामुळे ‘८ + ४ = रिकामी चौकट + ५’ असे लिहून दिले की चौकटीत १२ येते; काही मुले तर सगळे मिळवून १७ लिहितात. चौकटीत ७ यायला हवे, कारण हे चिन्ह दोन बाजू समान असल्याचे सांगते, उत्तराची जागा दाखवत नाही. प्राथमिक शाळेत हा गैरसमज कोणाला फारसा नडत नाही, कारण तेथे उत्तर नेहमी उजवीकडेच असते. तो नडतो सातवी-आठवीत, समीकरणे सुरू झाली की. तेव्हा सगळे म्हणतात, ‘बीजगणित कच्चे आहे’, आणि कच्चे असते ते दुसरीतले एक चिन्ह.

माझी एक चूक

येथे मला माझ्याच शिकवण्याविषयी सांगितले पाहिजे. आठवीतल्या एका मुलीला मी समीकरणे शिकवत होते. मागच्या वर्षी मीच तिला ते सर्वपरिचित वाक्य दिले होते : ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते.’ त्या वाक्यावर तिची अनेक उदाहरणे सुटली. क्ष + ५ = १२, तर ५ पलीकडे जाऊन वजा होतो, क्ष = ७. सगळे छान चालले होते. मग ३क्ष = १२ आले आणि तिने लिहिले, क्ष = १२ भागिले वजा ३, म्हणजे वजा ४.

मी विचारले, ‘हा वजा कोठून आला?’ ती माझ्याकडे जरा आश्चर्यानेच पाहत म्हणाली, ‘काकू, तीन पलीकडे गेले ना. चिन्ह बदलतं.’

मी तिला पडताळा घ्यायला सांगितले. तिने वजा ४ ला ३ ने गुणले, वजा १२ आले, समीकरणात तर अधिक १२ होते. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘मग उत्तराचं चिन्ह बदलू?’ तिने वजा खोडला. आता उत्तर ४ झाले, जे बरोबर होते, आणि समज जिथल्या तिथे राहिली. मी तेव्हा ‘शाबास’ म्हणून पुढचे उदाहरण दिले असते तर कोणालाच काही कळले नसते. पुढचे उदाहरण ३क्ष = −१२ असते, तर तिने ४ लिहिले असते.

चूक तिची नव्हती. माझे वाक्य अपुरे होते आणि तिने ते प्रामाणिकपणे पाळले होते. नंतर आम्ही कागदावर तागडी काढली. एका पारड्यात क्ष आणि ५ किलो, दुसऱ्यात १२ किलो. दोन्ही पारड्यांतून पाच-पाच किलो काढले तर काटा मध्येच राहतो. ‘५ पलीकडे गेला’ असे काही घडतच नाही. तो दोन्हीकडून काढला जातो. मग तीन सारख्या पिशव्या, एकूण वजन १२ किलो. एका पिशवीचे वजन काढण्यासाठी दोन्ही बाजूंचा तिसरा हिस्सा घ्यायचा. यात चिन्ह बदलण्याचा प्रश्न कोठे येतो, असे तिनेच मला विचारले. ते जुने वाक्य मी तेव्हापासून वापरत नाही. अर्थात मुले ते इतरत्र कोठून तरी घेऊन येतातच.

बरोबर उत्तराखाली चुकीचा नियम दडलेला असू शकतो, हे या प्रसंगाने माझ्या मनावर पक्के ठसवले. याचे जुने गमतीदार उदाहरण म्हणजे १६ छेद ६४. वरचा ६ आणि खालचा ६ खोडले की एक चतुर्थांश उरतो, आणि उत्तर चक्क बरोबर असते. २६ छेद ६५ मधले सहा खोडले तरी दोन पंचमांश हे खरेच उत्तर येते. अशी वही तपासताना जो फक्त शेवटची ओळ पाहतो, तो दोन्हींवर टिकमार्क करून पुढे जातो.

उत्तर तपासणे आणि पायरी तपासणे

एकास एक शिकवणीचा खरोखर किती उपयोग होतो, याविषयी शिक्षणक्षेत्रात अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांचे १९८४ सालचे निरीक्षण फार उद्धृत केले जाते. त्यांच्या म्हणण्यानुसार स्वतंत्र शिकवणी मिळालेले सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या शंभरांपैकी सुमारे अठ्ठ्याण्णव मुलांच्या पुढे जाते. हा आकडा ऐकून हुरळून जायला होते, पण पुढच्या अभ्यासांत तो टिकला नाही. कर्ट व्हॅनलेन या अमेरिकन संशोधकांनी २०११ साली अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा परिणाम त्यापेक्षा बराच कमी निघाला : प्रमाण विचलनाच्या मापात सांगायचे तर दोनऐवजी सुमारे ०.७९. सोप्या भाषेत, शंभर मुलांच्या रांगेत मध्यावर उभे असलेले मूल साधारण अठ्ठ्याहत्तर जणांच्या पुढे जाते. तेही थोडे नव्हे.

त्या तपासणीतली मला अधिक महत्त्वाची वाटणारी बाब वेगळी आहे. व्हॅनलेन यांनी संगणकावरील शिकवण्याचेही प्रकार पाडले होते. जे संगणक केवळ अंतिम उत्तर तपासून ‘चूक’ किंवा ‘बरोबर’ सांगत, त्यांचा परिणाम ०.३१ एवढाच होता. जे प्रत्येक पायरीवर लक्ष ठेवून तेथल्या तेथे सूचना देत, त्यांचा ०.७६, म्हणजे जवळजवळ माणसाइतका. याचा अर्थ शिकवणीतली बरीचशी ताकद समोर जिवंत माणूस बसला आहे यात नसून पायऱ्या पाहिल्या जातात यात आहे. जो माणूस पंधरा मुलांच्या बॅचला फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवतो आणि मग उत्तरांची यादी वाचतो, तो त्या पहिल्या प्रकारच्या संगणकाचेच काम करतो, आणि तेही जास्त फी घेऊन. हे थोडे कठोर वाटेल, पण माझ्या स्वतःच्या काही संध्याकाळीही त्यात मोडतात.

पायरी पाहायची म्हणजे विद्यार्थ्याला मोठ्याने विचार करू द्यायचा आणि आपण थांबायचे. हे थांबणे सांगायला सोपे आणि करायला भलतेच अवघड आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतील ध्वनिमुद्रणे ऐकून दाखवून दिले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात. तीन सेकंद किंवा त्याहून जास्त थांबले की मुलांची उत्तरे लांब होतात, ‘माहीत नाही’ कमी होते आणि एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असे वाटते. घड्याळ लावून, आठव्या सेकंदाला समोरचे मूल छताकडे पाहत असताना, एकदा थांबून पाहावे.

दुसरा मोह पेनाचा. मूल अडले की शिकवणाऱ्याचा हात आपोआप त्याच्या वहीकडे जातो आणि दोन ओळी लिहून मोकळा होतो. मुलाला ते पाहताना सगळे कळल्यासारखे वाटते, जसे पोहणाऱ्याकडे काठावरून पाहताना पोहणे सोपे वाटते. मी पेन मुलाच्याच हातात राहील असा नियम स्वतःला घालून घेतला आहे. मला काही दाखवायचे असेल तर वेगळ्या कागदावर, आणि वेगळ्या संख्या घेऊन. मदत किती द्यावी याचे उत्तर वूड, ब्रूनर आणि रॉस या संशोधकांनी १९७६ साली दिलेल्या उपमेत आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला मदत करणाऱ्या व्यक्तीचे निरीक्षण करून त्यांनी या मदतीला बांधकामाच्या परांचीची उपमा दिली. परांची भिंतीसाठी असते आणि भिंत उभी राहत जाईल तशी ती उतरवायची असते. शिकवणीत ती उतरवण्याचे काम राहून जाते. दोन वर्षे रोज शेजारी बसून गृहपाठ करून घेतलेले मूल परीक्षेत एकटे बसते तेव्हा ते ध्यानात येते.

पालकांशी होणारे बोलणे

या पद्धतीत एक व्यावहारिक अडचण आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. वेळ लागतो. नववीत आलेल्या मुलाचा अपूर्णांक कच्चा निघाला तर सहावीपर्यंत मागे जावे लागते, आणि तेवढ्यात शाळेत दोन प्रकरणे पुढे गेलेली असतात. पालक विचारतात, ‘पोर्शन कधी संपणार?’ त्यांचे चुकत नाही. दहावीला बीजगणित आणि भूमिती अशा चाळीस-चाळीस गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात, आणि त्या कोणासाठी थांबत नाहीत. मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते की पहिले सहा-सात आठवडे वहीत खालच्या इयत्तेची गणिते दिसतील आणि पहिल्या घटक चाचणीत गुण वाढतीलच असे नाही. काही पालक दुसरी शिकवणी पाहतात. जे राहतात त्यांच्याशी नंतर वाद होत नाहीत.

पालकांच्या बाजूने आणखी एक गोष्ट येते. आजी-आजोबांच्या किंवा आईवडिलांच्या पिढीतले अनेक जण वजाबाकी वेगळ्या रीतीने करतात : ‘तेरातून आठ गेले पाच, हातचा एक, सात आणि एक आठ, दहातून आठ गेले दोन, हातचा एक, एक आणि एक दोन, पाचातून दोन गेले तीन.’ उत्तर तेच, ३२५. यात वरच्या संख्येला दहा मिळवले जातात आणि त्याची भरपाई म्हणून खालच्या संख्येच्या पुढच्या स्थानावर एक मिळवला जातो. फरक बदलत नाही. शाळेत शिकवतात ती दशक सुटा करण्याची रीत, म्हणजे वरच्यातून एक कमी करायचा. दोन्ही रीती बरोबर आहेत, पण मुलाने संध्याकाळी एक आणि सकाळी दुसरी ऐकली की ते दोन्हींची सरमिसळ करते आणि वरून एक कमी करून खाली एक वाढवूनही ठेवते. एखाद्या मुलाच्या वहीत असे काही दिसले तर मी आधी घरी अभ्यास कोण घेते ते विचारते.

पाठांतराविषयी दोनच वाक्ये. पाढे यायलाच हवेत, कारण सात आठे छप्पन आठवण्यात डोके गुंतले तर अवयव पाडायला ते मोकळे राहत नाही. मात्र पाढे येणे म्हणजे गणित येणे नव्हे, आणि तोंडी गणिताचा वेग पाहून मुलाची पारख करू नये.

नव्या मुलाला मी पहिल्या दिवशी काहीच शिकवत नाही. एका कागदावर पाच उदाहरणे देते : मध्ये शून्य असलेली एक वजाबाकी; ०.३५ आणि ०.४ यांतली मोठी संख्या कोणती (‘पॉइंट पस्तीस’ असे वाचणारे मूल पस्तीस चारपेक्षा मोठे म्हणून पहिल्यावर खूण करते, ‘पस्तीस शतांश’ असे वाचणारे सहसा चुकत नाही), पावणेदोनला अर्ध्याने भागण्याचे दुधाचे उदाहरण, चौकटीचे ‘८ + ४’, आणि मोठ्या मुलांना १० अधिक ३ या बेरजेचा वर्ग, जो पुष्कळ जण १०० आणि ९ मिळवून १०९ लिहितात, जरी तेराचा वर्ग १६९ हा त्यांना पाठ असतो. पाचही उदाहरणे अर्ध्या तासात होतात. मी चूक-बरोबर सांगत नाही, कागद ठेवून घेते आणि रात्री निवांत वाचते. एकच अट असते : कच्चे काम त्याच कागदावर करायचे आणि काही चुकले तर एक आडवी रेघ मारून पुढे लिहायचे. खोडरबर मी मूल यायच्या आधीच टेबलावरून उचलून ठेवते.